यादीत नसलेलं रसायन: नाशिकच्या द्राक्ष निर्यातीतल्या २०१० च्या हंगामाचा प्रकरण अभ्यास

२०१० चा निर्यात हंगाम उतरणीला लागला होता. बराच माल युरोपच्या बंदरांत पोहोचला होता, काही कंटेनर अजून वाटेत होते. त्याच सुमाराला तिथल्या प्रयोगशाळांनी भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडल्याचं कळवलं. आपल्याकडे हे रसायन सीसीसी म्हणून ओळखलं जातं, जुने बागायतदार अजूनही ‘लिहोसिन’ म्हणतात. खरेदीदारांनी माल उचलायचं थांबवलं, ठरलेले भाव कोसळले. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांमधून समाधानाने रवाना झालेल्या मालाचे पैसे येणार की नाही, हेच कुणाला सांगता येईना.

पीक वाया जाण्याचे प्रसंग नाशिकला नवे नाहीत. गारपीट होते, फळछाटणीनंतरच्या पावसात डाउनी हा बुरशीचा रोग येतो, घड जिरतात. हे प्रकरण त्यांच्याहून वेगळं आहे, कारण इथे द्राक्षात दोष नव्हता आणि बहुतेकांनी नियमही मोडला नव्हता. प्लॉटची नोंदणी झाली होती, फवारणीच्या वह्या भरल्या होत्या, काढणीआधी प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत येऊन नमुना नेला होता आणि अहवाल स्वच्छ आला होता. तरीही माल अडकला. विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणं म्हणजे नेमकं काय पोहोचवणं, याचा विचार करताना मला या हंगामाइतकं बोलकं उदाहरण दुसरं सापडत नाही.

आधीची सात वर्षं

२०१० समजून घ्यायला २००३ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिलसारख्या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि तेव्हाही माल अडकला. त्या धक्क्यानंतर २००३-०४ पासून अपेडाने, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात विकास संस्थेने, उर्वरित अंश (फळात उरलेलं औषध) नियंत्रणाची देशव्यापी योजना सुरू केली. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून काम करणारं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या योजनेतली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झालं. २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ आलं. शेतकऱ्याचा प्लॉट, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, ॲगमार्कचं प्रमाणपत्र आणि कंटेनर हे सगळं त्यामुळे एका संगणकीय साखळीत बांधलं गेलं. युरोपातल्या दुकानातल्या खोक्यावरून थेट पिंपळगावच्या प्लॉटपर्यंत मागे येता येऊ लागलं. शेतमालासाठी अशी व्यवस्था उभी करणं हे मोठं काम होतं आणि ते मनापासून केलं गेलं, हे आधी स्पष्ट नोंदवतो.

या व्यवस्थेबरोबर शिक्षणही आलं. गावोगावी मेळावे झाले, चर्चासत्रं झाली. १९६० पासून काम करणाऱ्या द्राक्ष बागायतदार संघाच्या बैठकांत संशोधक येऊन बोलू लागले. कृषी सहायक, निर्यातदारांचे क्षेत्र अधिकारी आणि एकराप्रमाणे शुल्क घेणारे सल्लागार बागेत फिरू लागले. कुठलं औषध चालतं, कुठलं चालत नाही, फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, हे शेतकऱ्याला पाठ झालं. ‘अनेक्शर’, म्हणजे नियमांना जोडलेली औषधांची यादी, हा शब्द पारावरच्या गप्पांत रुळला. घरातल्या कपाटात खताच्या पावत्यांशेजारी त्या यादीची झेरॉक्स दिसायला लागली.

हे शिक्षण यादीचं होतं. कशाची तपासणी होते, हे त्यातून कळत होतं. तपासणी कशी होते आणि वेलीच्या आत रसायन कसं वागतं, हे कळत नव्हतं. यादी पूर्ण असेल तोवर एवढं पुरतं. सीसीसी तपासणीच्या यादीत नव्हतं.

थेंबही टाकला नव्हता

द्राक्षाला महाराष्ट्रात वर्षातून दोन छाटण्या असतात. एप्रिलची खरडछाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी घडासाठी. खरडछाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांमध्ये पुढच्या घडाची जडणघडण होते. ही सूक्ष्म घडनिर्मिती साधली नाही, तर ऑक्टोबरमध्ये कितीही खर्च करा, डोळा फुटतो पण घड येत नाही. वेल फार जोमात पळाली तर नेमकं हेच होतं. म्हणून पानांच्या सुरुवातीच्या अवस्थेत सीसीसी फवारायची पद्धत होती. वेलीत जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होण्याची वाट हे रसायन अडवतं, पेर आखूड राहतं, शेंड्याची धाव थांबते आणि अन्न डोळ्यांकडे वळतं. भारतात द्राक्षासाठी ते रीतसर नोंदलेलं होतं. कृषी सेवा केंद्रात पावतीवर मिळत होतं.

आता काळ मोजा. फवारणी मेमध्ये, काढणी पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मध्ये नऊ-दहा महिने जातात, पूर्ण पावसाळा जातो, आणखी एक छाटणी होते. ज्या काडीवर फवारलं तिची पानंही उरलेली नसतात. म्हणून तेव्हा बागायतदार कळवळून विचारत होते, “अहो साहेब, घडावर आम्ही थेंबही टाकला नाही, मग मण्यात आलं कुठून?” हा प्रश्न बचावाचा नव्हता, पूर्ण वैज्ञानिक प्रश्न होता. त्याला उत्तरही होतं.

सीसीसी वेलीत शिरल्यावर सहज मोडत नाही. ते पाण्यात विरघळतं, रसाबरोबर हिंडतं आणि काडी, ओलांडा (मांडवावरची आडवी फांदी), खोड यांच्या लाकडात साठून राहतं. नव्या हंगामात रस वर चढला की त्याच्याबरोबर थोडं थोडं फुटव्यात आणि घडात येतं. फवारणी आणि काढणी यांमधले दिवस मोजून सुटणारं हे प्रकरण नव्हे. काढणीपूर्व कालावधीचा सगळा हिशेब पानावर आणि मण्यावर पडलेल्या औषधासाठी असतो. लाकडातल्या साठ्याला तो लागू पडत नाही.

युरोपला हे माहीत होतं. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये पेअरच्या झाडांवर हेच रसायन वापरलं जायचं. वापर थांबवल्यानंतरच्या वर्षांतही फळांत अंश सापडत राहिले, तेव्हा युरोपीय संघाला पेअरसाठी तात्पुरती वेगळी मर्यादा ठरवावी लागली. म्हणजे २०१० मध्ये नाशिकला जो धडा मिळाला, तो दुसऱ्या फळावर आधीच शिकून झाला होता. तो शोधनिबंधांत आणि नियमांच्या कागदांत होता. वणी-दिंडोरी रस्त्यावरच्या बागेत तो नव्हता. ही दरी कुणा एकाची चूक म्हणून सांगता येत नाही. पेअरवरचं संशोधन वाचून ‘आपल्या वेलीचं काय?’ असं विचारणं हे काम कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं.

स्वच्छ अहवाल खोटा होता का?

नव्हता. हा भाग मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रयोगशाळेत द्राक्षाचा नमुना आधी वाटून एकजीव करतात. मग त्यात इथाइल ॲसिटेटसारखं द्रावक घालून हलवतात. बहुतेक कीडनाशकं आणि बुरशीनाशकं त्या द्रावकात उतरतात. वरचा थर काढून घ्यायचा, साफ करायचा आणि उपकरणात सोडायचा. एकाच नमुन्यातून शंभराच्या घरात रसायनं एकदम तपासता येतात, म्हणून ही पद्धत वेळेची आणि खर्चाची मोठी बचत करते. सीसीसीचा रेणू मात्र कायम धनप्रभारित असतो. तो पाण्याला धरून राहतो, इथाइल ॲसिटेटमध्ये येतच नाही. जो थर आपण काढून घेतला, त्यात तो नाही. जो टाकून दिला, त्यात आहे. त्याला पकडायचं तर मिथेनॉलसारख्या द्रावकाने वेगळं काढावं लागतं आणि वेगळी चाचणी लावावी लागते.

म्हणजे उपकरण उत्तम होतं, विश्लेषक कुशल होता, अहवालातला प्रत्येक आकडा खरा होता, आणि तरीही तो अहवाल सीसीसीबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. शेतकऱ्याने मात्र तो ‘माझ्या मालात काहीच नाही’ असा वाचला. निर्यातदारानेही तसाच वाचला. कारण अहवाल वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं. ‘शोधमर्यादेखाली’ (चाचणीला सापडेल त्याहून कमी) हे शब्द फक्त यादीत छापलेल्या नावांपुरते असतात. छापलेलं नाही त्याबद्दल अहवाल गप्प असतो. पदवीच्या रसायनशास्त्रात ही गोष्ट पहिल्या वर्षाला येते. ज्याची दहा महिन्यांची कमाई त्या कागदावर लटकलेली आहे, त्याला ती सांगावी असं कुणाला वाटलं नाही.

०.०५ म्हणजे किती?

द्राक्षातल्या सीसीसीसाठी युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. द्राक्षाच्या एका कंटेनरमध्ये साधारण १३ टन माल बसतो. गुणाकार केला, तर अख्ख्या कंटेनरला मिळून जेमतेम ६५० मिलिग्रॅम, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तापाच्या एका गोळीत असतं तेवढं औषध. त्याहून जास्त निघालं की माल नियमाबाहेर. प्रशिक्षणात हा गुणाकार फळ्यावर मांडला की खोली शांत होते, आणि पीपीएम (दहा लाखांत एक भाग, म्हणजे किलोला एक मिलिग्रॅम) हे अक्षर पहिल्यांदाच हाताला लागतं.

पण त्यानंतर लगेच दुसरी गोष्ट सांगावी लागते, नाहीतर पहिली दिशाभूल करते. ही मर्यादा विषाची रेघ नाही. युरोपात द्राक्षावर सीसीसी वापरायला परवानगीच नव्हती. अशा वेळी मर्यादा चाचणीला भरवशाने मोजता येईल एवढ्या पातळीवर ठेवली जाते. तेच रसायन युरोपातले शेतकरी गहू आणि ओट आडवे पडू नयेत म्हणून रीतसर वापरतात, आणि त्या धान्यांसाठीची मर्यादा द्राक्षाहून कितीतरी पट सैल आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सीसीसीचं रोज आयुष्यभर चालेल असं प्रमाण शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम धरलं आहे. साठ किलोच्या माणसाला २.४ मिलिग्रॅम. ०.०५ च्या मर्यादेवरची द्राक्षं खाऊन तिथवर पोहोचायला रोज ४८ किलो द्राक्षं लागतील.

२०१० मध्ये हा तपशील लोकांसमोर नीट आला नाही, आणि मग दोन टोकाच्या समजुती पसरल्या. शहरात कुणी म्हणालं, नाशिकची द्राक्षं विषारी आहेत. गावात कुणी म्हणालं, हे गोऱ्यांचं राजकारण आहे, भाव पाडायचा डाव आहे. दोन्ही समजुतींनी नुकसान केलं. पहिलीने घरच्या बाजारात भीती पेरली. दुसरीने शेतकऱ्याला प्रश्नापासून लांब नेलं, कारण डाव म्हटला की लाकडातल्या साठ्याकडे बघायची गरज उरत नाही. १ सप्टेंबर २००८ पासून युरोपीय संघात देशोदेशीच्या मर्यादा जाऊन सगळीकडे एकच मर्यादा लागू झाली होती. हा बदल जाहीर होता. तो तिथल्या घाऊक व्यापाऱ्यांच्या टेबलावर होता. इथे तो आमच्या शेताशी जोडून कुणी सांगितला नाही.

धंद्याची बाजू

न्हावा शेवाहून रॉटरडॅमला कंटेनर पोहोचायला तीन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. माल बऱ्याचदा विक्रीनंतर हिशेब या पद्धतीने जातो. मजुरी, पॅकिंग, शीतगृह, जहाजभाडं हा सगळा खर्च आधी होतो, पैसा शेवटी येतो. या साखळीत जो सगळ्यात आधी खर्च करतो आणि सगळ्यात शेवटी पैसे बघतो, तो बागायतदार. त्याच्याकडेच रसायनाबद्दलची माहिती सगळ्यात कमी. जोखीम आणि ज्ञान यांची अशी उलटी वाटणी ज्या धंद्यात असते, तो एखादा वाईट हंगाम सोसेल, दुसरा सोसणार नाही. नाशिकला २००३ नंतर २०१० आला होता.

त्या हंगामाचा फटका बसलेल्या निर्यातदारांत विलास शिंदे होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शिकलेले, आडगावच्या शेतकरी घरातले. त्या काळातून पुढे दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला सह्याद्री ही शेतकऱ्यांच्या मालकीची उत्पादक कंपनी उभी राहिली. आज तिचा पसारा द्राक्षापलीकडे टोमॅटोसारख्या पिकांच्या प्रक्रियेपर्यंत आहे. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे ३१० कोटी रुपये घातले. तिच्या यशाची कथा बरेच जण सांगतात, म्हणून ती इथे वाढवत नाही. या अभ्यासापुरता मुद्दा इतकाच की बागेतली नोंद, तपासणी, पॅकहाउस आणि विक्री एका छपराखाली आली, की प्रयोगशाळेतली बातमी शेतापर्यंत यायला मधले हात कमी लागतात. आणि बातमी उशिरा आली तर तोटा मालकांचाच, म्हणजे शेतकऱ्यांचाच. त्यामुळे ती लवकर आणण्यात सगळ्यांचाच स्वार्थ असतो.

सहा एकरांचा एकटा बागायतदार मात्र आजही सल्लागारावर आणि दुकानदारावर विसंबून आहे. त्याचं काय, हा प्रश्न मोहाडीच्या पॅकहाउसने सुटलेला नाही.

नंतर काय बदललं

सीसीसी तपासणीत आलं, त्यासाठी वेगळी चाचणी सुरू झाली. निर्यातीच्या बागांत ते वापरू नका, हे सांगणं कडक झालं. बागायतदारांनी दुसरे उपाय धरले. घडनिर्मितीच्या काळात पाण्याचा ताण, नत्र आवरतं घेणं, स्फुरद-पालाशाकडे वळणं, वेळेवर शेंडा मारणं, सबकेन करणं (काडी खुडून तिच्या बगलफुटीतून पुढची काडी घेणं). यातले निम्मे उपाय जुन्या माणसांना आधीपासून माहीत होते. बाटली स्वस्त आणि सोपी म्हणून ते मागे पडले होते. माझ्या मते हीच या प्रकरणातली सर्वांत आश्वासक बाजू आहे. कारण कळल्यावर शेतकऱ्याने नुसतं ‘बंद’ असं ऐकलं नाही, वेलीचा जोम आवरायचा दुसरा रस्ता स्वतः काढला.

यादीही लांबली. इथे मला काळजी वाटते. लांब यादी म्हणजे जास्त ज्ञान, असा समज त्यातून घट्ट होतो. पुढच्या वर्षांत युरोपात क्लोरेट आणि परक्लोरेटचा मुद्दा आला. ही दोन्ही फवारणीच्या वहीत सापडत नाहीत. क्लोरेट क्लोरीन टाकलेल्या पाण्यातून येऊ शकतं, परक्लोरेट काही नैसर्गिक नायट्रेट खतांतून. फॉस्फोनिक आम्लाचं तसंच आहे. ते बुरशीनाशकातूनही येतं आणि फॉस्फाइट म्हणून विकल्या जाणाऱ्या खतांतूनही, आणि सीसीसीप्रमाणे त्यालाही वेगळी चाचणी लागते. शिवाय काही जर्मन सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशावरच थांबतात, आणि एका नमुन्यात किती वेगवेगळी रसायनं सापडलेली चालतील यावरही बंधन घालतात. तिथे ‘प्रत्येक औषध मर्यादेत आहे’ हे उत्तर पुरत नाही. औषधं निवडताना पूर्ण हंगामाचा विचार लागतो, आणि तो विचार यादी पाठ करून येत नाही.

नाशिकमध्ये हे शिकवायला जागा कमी नाहीत. गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन उभं आहे. त्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, शाळा सुटलेल्यांनाही घेता येतील असे कृषी अभ्यासक्रम आहेत. कृषी प्रदर्शनांना गर्दी होते. मांजरीच्या केंद्राचा हवामानावरचा सल्ला दर आठवड्याला मोबाइलवर येतो. ऐकायला लोक तयार आहेत, नाशिकच्या द्राक्षवाल्याइतका चौकस शेतकरी मी कमी पाहिला आहे. कमी आहे ती उलट दिशेची वाट. बागेतला प्रश्न प्रयोगशाळेपर्यंत नेणारी. मेमध्ये फवारलेलं लाकडात राहतं का, असं २००८ मध्ये एखाद्या बागायतदाराने विचारलं असतं, तर तो प्रश्न नोंदवायला कुठलाही फॉर्म नव्हता. मेळाव्याचा अहवाल उपस्थितांची संख्या लिहितो, विचारलेले प्रश्न लिहीत नाही.

लोकांपर्यंत विज्ञान नेण्यावर जे संशोधन चालतं, त्यात या प्रकरणावरून एक मोजमाप धरता येईल. खरडछाटणीच्या प्रशिक्षणानंतर प्रत्येकाच्या हातात एक खराखुरा तपासणी अहवाल द्यावा, त्यावर कुणाचं नाव नसावं. विचारावं, या कागदावरून काय कळतं आणि काय कळत नाही? कुठलं रसायन या पद्धतीत सापडूच शकत नाही? आपल्या वेलीच्या लाकडात, विहिरीच्या पाण्यात, खताच्या गोणीत असं काय आहे जे वहीत लिहिलेलं नाही? उत्तरं आणि त्यांतून निघालेले नवे प्रश्न जसेच्या तसे लिहून मांजरीला पाठवावेत, आणि फळछाटणीच्या आधी त्यांची उत्तरं त्याच गावात, त्याच लोकांसमोर द्यावीत. एका तालुक्यात एका वर्षात हे करून पाहता येतं. नमुन्याच्या तपासणीचा खर्च शेतकरी आजही भरतोच आहे. त्या खर्चात अहवाल समजून घेण्याचा अर्धा दिवस धरायला हरकत नसावी.